तारीख न कोरलेला दगड

आपल्या आठवड्यातला एक दिवस कुणीतरी चोरून नेला आहे, आणि चोरी झाल्याची साधी ओरडही कुणी करत नाही. नेणारे ओळखीचेच आहेत. थांबलेल्या माणसाला आळशी म्हणायला ज्यांनी आपल्याला शिकवलं, ते. आणि विसाव्याच्या दिवसाभोवती नियमांचं काटेरी कुंपण घालून जे दारावर पहारा देत बसले, तेही. एकांनी तो दिवस कामाच्या तोंडी दिला, दुसऱ्यांनी तो शिक्षेसारखा वाटला. या ओढाताणीत माणूस दमलेलाच राहिला. त्याच्या दुःखाचे तर त्याहून हाल झाले, कारण त्याला टेकायला सात दिवसांत कुठे जागाच उरली नाही. हा आरोप ज्याला लागू पडत असेल त्याने तो घ्यावा. पुढची गोष्ट मात्र, ज्याला स्वस्थ बसता येत नाही अशा कुणाचीही आहे.

एकदा एक तरुण एका वृद्ध पाथरवटाकडे गेला आणि म्हणाला, मला दगडात अक्षरं कोरायला शिकवा.

पाथरवटाला सगळा तालुका ओळखत होता. गावाबाहेर काळ्या दगडाची खाण होती आणि तिच्या काठावर त्याची पत्र्याची शेड. त्याने हयातभर जाती घडवली, पाटे-वरवंटे घडवले, उंबरठे घडवले. पण त्याचं नाव झालं ते ख्रिस्ती दफनभूमीतल्या शिळांमुळे. तिथे तीन पिढ्यांची नावं त्याच्या हातची होती. आपल्या गावात मरणाऱ्याला आणखी काही मिळो न मिळो, अक्षर सुंदर मिळतं, असं लोक थट्टेने म्हणत. चर्चच्या मंडळीत कुणाचं भांडण झालं की दोन्ही बाजू शेडमध्ये येऊन बसत. तो छिन्नी न थांबवता ऐकून घेई आणि शेवटी एखादंच वाक्य बोले. त्याला सगळे मिस्त्रीबाबा म्हणत.

तरुणाचं नाव आमोस. वीजमंडळात वायरमन होता, पदविका झालेला, वाचणारा, वादात कुणाला न हरणारा. त्याची बायको रिबका चार महिन्यांपूर्वी गेली होती. मार्चच्या तेरा तारखेला, रविवारी. तिचं हृदय लहानपणापासून अधू होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण इतकी वर्षं माहीत असलेल्या गोष्टीची कुणाला भीती उरत नाही. आमोस त्या दिवशी एका खेड्यात खांबावर चढलेला होता. दुपारी अडीचला खालून कुणीतरी हाक मारून निरोप सांगितला.

तिची शिळा मी करून देतो, मिस्त्रीबाबा म्हणाले. आमोस म्हणाला, नको, मी स्वतः करणार. पुढच्या मार्चमध्ये वर्ष होईल, त्या दिवशी कबरीवर दगड उभा पाहिजे आणि त्यावरचं प्रत्येक अक्षर माझ्या हातचं पाहिजे. म्हाताऱ्याने त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. तारा ओढून घट्टे पडलेले हात होते. चालेल, म्हणाला, पण एक अट आहे. सहा दिवस तुझे. शनिवारी दिवेलागणीला छिन्नी खाली ठेवायची ती सोमवारी सकाळी उचलायची. आणि रविवारी खांबावरही चढायचं नाही.

ही दुसरी अट आमोसला अनपेक्षित होती. रिबका गेल्यापासून त्याने एकही रविवार सुट्टी घेतलेली नव्हती. सहकाऱ्यांच्या वाट्याच्या रविवारच्या पाळ्याही तो आपणहून मागून घेई, आणि ते त्याला दुवा देत. म्हाताऱ्याला हे कुठून कळलं कोण जाणे. आमोसने फार विचार न करता मान हलवली. पाळता येईल की नाही, याचा हिशोब न करताच आपण अशा अटी मान्य करतो.

शिकणं सुरू झालं. सकाळची पाळी उरकून तो तीनच्या सुमाराला शेडवर येई. आधी दोन महिने नुसता दगड सपाट करणं, मग कुरुंदाच्या दगडाने घासणं, मग गेरूने आखलेल्या सरळ रेघा कोरणं. काळा दगड उतावळ्या माणसाला ओळखतो. घाव जरा तिरका पडला की बोटभर टवका उडतो आणि तो काही परत चिकटवता येत नाही. अख्खा दगड तेवढा खोल पुन्हा घासावा लागतो. आमोसचे तीन दगड असे गेले. मिस्त्रीबाबा रागावत नसत. एवढंच म्हणत, की दगडाला तुझ्या ऑफिसची घाई माहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी म्हाताऱ्याचं वागणं मात्र आमोसच्या डोक्यात जाई. खाणीवरचे मजूर दिवा लावत, तो पाहिला की मिस्त्रीबाबा असतील तिथे थांबत. ओळ संपू दे, शब्द संपू दे, असं काही नाही. एकदा शहरातला एक व्यापारी टेंपो घेऊन आला होता, वडिलांची शिळा न्यायला. आडनावातली एक वेलांटी तेवढी राहिली होती. दिवा लागला. म्हाताऱ्याने छिन्नी पुसली, फडक्यात बांधली आणि दगडावर गोणपाट टाकलं. व्यापाऱ्याला वाटलं, बाबांना दिसलं नाही.

"अहो बाबा, एवढी एक वेलांटी राहिली."

"सोमवारी येईल ती. पळून जात नाही."

व्यापारी टेंपोच्या भाड्याबद्दल, माणुसकीबद्दल आणि एकंदर ख्रिस्ती लोकांबद्दल बरंच बोलला. मिस्त्रीबाबांनी त्याला चहा पाजला आणि मुक्कामाला घरी ठेवून घेतलं. सोमवारी सकाळी वेलांटी कोरून दिली. जाताना तो व्यापारी चक्क झोप काढून ताजातवाना झालेला दिसत होता, पण हे त्याने कबूल केलं नाही.

आमोसला ते सगळं हट्टी वाटलं. रविवारी खांबावर जाणं त्याने बंद केलं खरं, पण घरात दुपारी त्याला बसवेना. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनकडे सरकू लागला की तो चपला घालून बाहेर पडायचा. तीन रविवार त्याने गावातून नुसत्या फेऱ्या मारल्या. चौथ्या रविवारी त्याने शेडमागच्या ढिगातून उचलून आणलेला एक तुकडा परसात मांडला आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्यावर घाव घातले.

सोमवारी मिस्त्रीबाबांनी त्याचा हात धरून उजेडात नेला. तळव्यावर दोन ताजे फोड होते.

"काल खांबाला छिन्नी मारत होतास काय रे?"

आमोसने लपवलं नाही. उलट तो याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्याने एकामागून एक दाखले दिले. प्रभूने शब्बाथ दिवशीच, म्हणजे विसाव्याच्या दिवशीच, वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला. शिष्यांनी शेतातून जाताना कणसं मोडली, तर त्याने त्यांचीच बाजू घेतली. मनुष्य दिवसासाठी नाही, दिवस मनुष्यासाठी आहे, हे ज्याने सांगितलं त्याचे आपण शिष्य. आणि तुम्ही एका वेलांटीसाठी माणूस दोन दिवस अडवून ठेवता. तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला त्या दिवशी वर काढणार नाही का, हेही त्यानेच विचारलं होतं.

मिस्त्रीबाबा छिन्न्यांना धार लावायला बसले होते. भात्याची दोरी ओढत त्यांनी सगळं ऐकलं.

"खरं आहे तुझं. मग कुणाचा बैल पडलाय विहिरीत?"

"बैल नाही," आमोस म्हणाला. "मीच पडलोय."

भाता थांबला. निखारे हळूहळू काळे पडले, तरी म्हाताऱ्याने दोरी पुन्हा ओढली नाही. त्यालाही उत्तर सुचलं नाही, हे आमोसने पाहिलं. आणि वाद जिंकल्याचं पहिल्यांदाच त्याला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीबाबांनी खाणीतून निवडून ठेवलेला सर्वांत चांगला दगड त्याच्यापुढे ठेवला. हा रिबकाचा, म्हणाले. त्यानंतर आमोसने रविवारी दगडाला हात लावला नाही. तो दर रविवारी सकाळीच बसमध्ये बसून कुठल्या तरी दूरच्या गावी जाई आणि अंधार पडताना परत येई. हे म्हाताऱ्याला माहीत होतं की नाही, सांगता येत नाही.

थंडी आली आणि गेली. दगडावर माथ्याशी क्रूस उतरला, त्याखाली रिबकाचं नाव, मग जन्माची तारीख. अक्षरं सुरेख आली होती. मिस्त्रीबाबा त्यावरून बोट फिरवत आणि हुंकार देत. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नव्हती. राहिली होती फक्त एक ओळ, मृत्यूच्या तारखेची. फेब्रुवारी संपला तरी ती ओळ कोरी होती. आमोस रोज येई आणि वरची अक्षरं पुन्हा साफ करत बसे. क्रूसाची कड त्याने चार वेळा घासली. नावातला एक काना त्याला एक दिवस जाड वाटे, दुसऱ्या दिवशी बारीक. म्हातारा हे बघत होता.

वर्षाचा दिवस यंदा सोमवारी येत होता. सकाळी कबरीवर प्रार्थना ठरली होती. चर्चचे पाळकसाहेब येणार होते, मंडळी येणार होती, परगावचे नातेवाईक येणार होते. आदल्या शनिवारी आमोसने रजा टाकली आणि पहाटेच शेड गाठली. आज पुरं करतो, म्हणाला. दुपारपर्यंत त्याने त्या ओळीसाठी रेघा आखल्या आणि पुसल्या. तीन वाजले तरी पहिल्या आकड्याला छिन्नी लागलेली नव्हती. मग तो एकदम उठून म्हाताऱ्याजवळ आला. आज संपणार नाही, उद्या एक दिवस द्या, असं त्याने हात जोडून विनवलं. मी तुमचं आजवर ऐकलं, हा एक रविवार सोडा.

मिस्त्रीबाबांनी विचारलं, सोमवारीच का पाहिजे? मंगळवारी झालं तर दगड नाराज होईल का?

"बाबा, त्या दिवशी मी वेळेवर पोचलो नाही," आमोस म्हणाला. "तिचं हे एक काम तरी मला वेळेवर करायचंय."

 मग म्हाताऱ्याने जे केलं ते कुणालाही कळण्यासारखं नव्हतं. त्याने खाणीवरच्या दोन मजुरांना हाक मारली, हातगाडी आणायला सांगितली, गाडीत गोणपाट अंथरलं आणि म्हणाला, उचला.

आमोस आडवा आला. अजून तारीख राहिली आहे, म्हणाला. दिसतंय मला, म्हातारा म्हणाला, आणि गाडीला हात लावून चालू लागला.

हातगाडी भर बाजारातून निघाली. पुढे दोन मजूर, शेजारी मिस्त्रीबाबा, मागे मान खाली घातलेला आमोस. वर्षापूर्वी याच रस्त्याने तो असाच मागून चालला होता. पानाच्या टपरीवाल्याने वाकून दगड वाचला आणि विचारलं, मिस्त्री, तारीख राहिली की. राहिली, असं म्हातारा शांतपणे म्हणाला. पन्नास वर्षांत त्याच्या हातून अपुरा दगड बाहेर पडलेला कुणी पाहिला नव्हता. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून बघू लागले.

दफनभूमीत रिबकाच्या उशाशी खड्डा घेतला, दगड ओळंबा लावून सरळ उभा केला, चुन्याने पक्का केला. दिवेलागणीच्या आत काम उरकलं. मजूर गेले. आमोस रागावून बोलू लागला. सोमवारी सगळं गाव हा दगड वाचणार आणि म्हणणार, की वायरमनने बायकोचा दगडसुद्धा पुरा केला नाही. तुम्हाला मला धडा शिकवायचा होता तर चार भिंतींच्या आत शिकवायचा होता. म्हाताऱ्याने हातपाय धुतले आणि जाता जाता एवढंच म्हणाला, की उद्या उपासना सुटली की इथे ये, आणि हात मोकळे ठेवून ये.

रविवारी आमोस उपासना सुरू होण्याआधीच तिथे पोचला, आणि त्याचे हात मोकळे नव्हते. सदऱ्याच्या आत छिन्नी होती, खिशात हातोडी आणि खडू. मंडळी आत आहे तोवर निदान आकडे तरी कोरू, असा त्याचा बेत होता. तो दगडापुढे गुडघ्यांवर बसला. खडूने तारीख आखली. शेजारच्या प्रार्थनामंदिरातून पहिलं गीत ऐकू आलं. त्याने छिन्नी पहिल्या आकड्यावर टेकवली, हातोडी उचलली आणि घाव घालण्यासाठी श्वास धरला.

उपासना सुटली तेव्हाही तो तसाच बसलेला होता. हातोडी मांडीवर होती. दगडावर ओरखडासुद्धा उमटलेला नव्हता.

मिस्त्रीबाबा पांढरंशुभ्र धोतर नेसून, काखेत शास्त्राचं पुस्तक घेऊन आले. त्यांनी छिन्नी पाहिली, खडू पाहिला. रागावले नाहीत. शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर टेकले.

"मार की," ते म्हणाले. "आता तर मी तुझा हात धरलेला नाही. सकाळी तर इथं नव्हतोच."

 आमोसने हातोडी खाली ठेवली आणि उगाच कबरीवरचं गवत उपटायला लागला. राहू दे ते, म्हातारा म्हणाला. मग आमोस दगडाच्या पायाशी सांडलेला चुना नखाने खरवडू लागला. तेही राहू दे. आमोसने हात मांडीवर ठेवले आणि ते एकमेकांत घट्ट अडकवले. आता करायला काहीच उरलं नव्हतं. त्याला वाटलं, आपण इथून पळून जावं.

तेव्हा मिस्त्रीबाबा बोलले. इतकं सलग बोलताना त्यांना कुणी ऐकलेलं नव्हतं.

"आपण रविवार का पाळतो, ठाऊक आहे ना? त्या पहाटे प्रभूची कबर रिकामी सापडली म्हणून. पण त्याच्या आदला दिवस कुणी पाळला? तो खरा शब्बाथ होता, शनिवार. पुरुषांनी काय केलं ते कुणी सांगत नाही, दारं लावून बसले असतील. बायकांचं मात्र लिहून ठेवलंय. शुक्रवारी त्याला घाईघाईत पुरलं. नीट तेल लावायचं राहिलं, सुगंध लावायचा राहिला. त्यांनी जागा बघून ठेवली, घरी जाऊन सुगंधी द्रव्यं तयार केली. प्रेमाचं काम होतं रे, आणि अर्धं राहिलेलं. सगळी तयारी झाली होती, नुसतं जाऊन करायचं बाकी होतं. तेवढ्यात शब्बाथ लागला, आणि त्या घरात बसून राहिल्या. अख्खा दिवस. ते अर्धं काम समोर ठेवून."

मग म्हणाले, "आपल्याला दुसऱ्या दिवशीची पहाट ठाऊक असते, म्हणून आपला विसावा सोपा. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यापाशी मेलेलं माणूस होतं आणि मोकळे हात होते. मला वाटतं, देवाने त्या दिवशी त्यांना कामापासून वाचवलं. कामात दुःख फार छान लपतं. माझा थोरला गेला तेव्हा मी त्याची शिळा पाच दिवसांत पुरी केली, मधला रविवार धरून. तसं काम या तालुक्यात दुसरं नाही. लोक बघायला यायचे. सहाव्या दिवशी हाताला काही उरलं नाही, तेव्हा कळलं, की मी त्याच्यासाठी रडलोच नव्हतो, दगड फोडत होतो नुसता. त्याच्या आईने मला विचारलं, इतके दिवस तुम्ही होता कुठं? मी शेजारच्या खोलीत होतो, आमोस. ती एकटी बसली होती आणि मी भिंतीपलीकडे अक्षरं कोरत होतो."

आमोसने मान वर केली नाही.

"तू मला भात्यापाशी एक गोष्ट बोलला होतास. त्याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. आता सांगतो. विहिरीत पडलेल्या बैलाला वर काढायला दुसरं कुणी लागतं. तो स्वतःच खुरांनी तळ उकरत राहिला, तर आणखी खोल जातो. शब्बाथ म्हणजे ते उकरणं थांबवायचं, एवढंच मला कळलंय. वर काढणारा आहे की नाही, हे उकरता उकरता समजत नाही. थांबावं लागतं. पुरा झालेला दगड मी तुला काल देऊ शकलो असतो. रात्रभर मीच कोरला असता. मग उद्या तू सगळ्यांशी हात मिळवले असतेस आणि परवा पुन्हा बसमध्ये चढला असतास."

म्हणजे त्यांना बसचं ठाऊक होतं. आमोसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.  दफनभूमीच्या भिंतीपलीकडून मंडळीचे लोक बोलत घरी चालले होते, पोरं धावत होती, कुणीतरी कुणाला जेवायला बोलावत होतं. ते आवाज विरले, तेव्हा आमोस तोंडावरचे हात न काढताच बोलू लागला. वर्षभर जे त्याने पाळकसाहेबांना सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, ते.

त्या रविवारी त्याची पाळी नव्हती. नाव त्याने स्वतः घातलं होतं, नेहमीसारखं. घरी बसून करायचं काय, असं त्याला वाटे. तो बूट घालत होता तेव्हा रिबका पलंगावर बसलेली होती. तिला थोडी धाप लागली होती, पण तशी ती अधूनमधून लागायचीच.

"ती म्हणाली, आज नको ना जाऊस. मी विचारलं, दुखतंय का काही? तर म्हणाली, नाही रे, काही नाही, नुसता बस जरा माझ्याजवळ. काही काम असतं तर मी थांबलो असतो, बाबा. डॉक्टरकडे ने म्हणाली असती तर नेलं असतं. नुसतं बसायचं होतं. मी म्हणालो, चारला येतो."

 मिस्त्रीबाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. फक्त कट्ट्यावरून उतरून ते त्याच्या शेजारी मातीत बसले. आमोस रडला. एखाद्या माणसाने वर्षभर धावत राहावं आणि मग एकदम गुडघे मोडून खाली यावं, तसा रडला. ऊन चढलं. कडुनिंबाची सावली आखडत आखडत दगडाच्या पायाशी आली. घड्याळ कुणीच पाहिलं नाही. दोन वाजून गेले असावेत, अडीचही वाजून गेले असावेत.

मग म्हातारा उठला, गुडघे चोळत उभा राहिला आणि निघाला. छिन्नी त्याने उचलली नाही, मागितलीही नाही. फाटकाशी त्याला समोरून येणारी एक बाई भेटली, तिला त्याने सलाम केला. ती दीनामामी होती, रिबकाची आई. आमोस लहानपणापासून त्यांच्या शेजारच्या घरात वाढलेला, म्हणून लग्नानंतरही तो सासूला मामीच म्हणे आणि ती त्याला अरेतुरे करी. लेक गेल्यापासून तिने त्याला किती तरी वेळा जेवायला बोलावलं होतं. त्याला दर वेळी काहीतरी काम असे.

तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि घडी घातलेलं एक जुनं लुगडं. कबरींच्या मधून ती खाली न पाहता सरळ चालत आली. ज्याला वाटेतला प्रत्येक दगड पाठ आहे, त्याच्यासारखं तिचं चालणं होतं. आमोसला पाहून ती क्षणभर थबकली. त्याचे सुजलेले डोळे तिने पाहिले. मग तिची नजर शिळेवर गेली. ती पुढे झाली, वाकली आणि लेकीच्या नावावरून बोट फिरवलं, एकेक अक्षर, सावकाश. जन्माच्या तारखेवर बोट जरा जास्त रेंगाळलं. त्याखाली खडूने आखलेले आकडे होते. ते तिने पदराने पुसून टाकले.

आमोस अपराध्यासारखा उभा राहू लागला. मामी, उद्या सगळे येणार आहेत आणि दगड असा अर्धा राहिलाय, असं काहीतरी तो सांगायला लागला. आपण वर्षभर काय करत होतो, इथे कधीच का आलो नाही, हेही त्याला सांगायचं होतं. तिने हातातलं लुगडं झटकून दगडाच्या पायाशी पसरलं.

"तारखेचं नंतर बघू," दीनामामी म्हणाली. "जरा सरक तिकडे. या वेळेला इथं सावली एवढीच असते."